पिंपळगावची चिलटे

सुट्टी लागली की कोणी महाबळेश्वर गाठतो, कोणी कोकण. मी यंदा भाद्रपदात चिखल पाहून आलो, असे सांगितले तर वाचक हसतील. आमच्या सौभाग्यवती तर हसल्याच! पण दोष माझा नव्हे, नानांचा. नाना आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतात आणि त्यांची सासुरवाडी कुंभार पिंपळगावची. जालन्याहून अंबड, घनसावंगी करीत आम्ही तिथे पोचलो. समर्थांचे जन्मगाव जांब जवळच. मी जांबला दर्शनाला जावे आणि नानांनी माश्या पकडाव्यात, असा करार होता. दर्शन सकाळीच आटोपले आणि संध्याकाळी मी आपला नानांच्या मागे, धोतर वर खोचून.

पैठणच्या धरणाचा डावा कालवा या तालुक्यातून जातो. पाणी आले, ऊस आला. पण काळ्या रानात जिथे पाणी साचून राहिले, तिथली जमीन चिबड झाली. अशाच एका चिबडाच्या कडेला मेंढरे बसवली होती. वर चिलटांचा खांबासारखा थवा गुणगुणत होता आणि एक म्हातारे धनगरबाबा लिंबाच्या पाल्याचा धूर करीत होते. चार-पाच मेंढरांची तोंडे सुजली होती, लाळ गळत होती; एक तर पाय टेकवीना.

"ही चिलटंच रोग आणतेत, सर," थव्याकडे हात करून बाबा म्हणाले.

नानांनी जाळे फिरवले, एक किडा माझ्या तळहातावर ठेवला आणि भिंग दिले. दिसायला थेट डास. पण सोंड नाही. मिशा पिसांसारख्या, आणि बसताना पुढचे पाय वर उचललेले. डास मागचे उचलतो. "हा नर. हा सारा थवा नवरदेवांचाच! वधूची वाट पाहताहेत बिचारे. यांना चावताच येत नाही." त्यांनी चिखल ढवळून लाल सुतासारख्या अळ्याही दाखवल्या. तळच्या गाळात प्राणवायू थोडा, म्हणून त्यांच्या अंगात आपल्यासारखेच तांबडे रक्तद्रव्य असते. चिखलावर हिरव्या धातूसारखी चमकणारी लंबटांगी माशी होती, तीही निरपराध. ती बारीक किडे खाते.

मग नाना मेंढराजवळ बसले. कानाजवळ, लोकर विरळ असते तिथे, तिळाहून लहान काहीतरी होते. भिंगातून पाहिले तर पाठीवर कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक मिटलेले पंख, आणि त्यांवर ठिपके.

"हा चोर," नाना म्हणाले. "क्युलिकॉइडीस. मादीच रक्त पिते."

हिच्या चाव्यातून मेंढ्यांना नीलजिव्हा होतो, हे दक्षिण आफ्रिकेत डु टॉइट यांनी १९४४ साली दाखवले. भारतात या रोगाची पहिली नोंद १९६४ मधली, आणि तीही आपल्या महाराष्ट्रातलीच. एका मेंढराचा दुसऱ्याला नुसता स्पर्श झाल्याने तो सहसा पसरत नाही. माणसाला तर होतच नाही.

मी मराठीचा मास्तर. चिलट, केंबरू, घुंगुरटे, मुरकूट असे शब्द आपल्याकडे भरपूर. पण यातले कोणते चावरे, ते शब्दावरून कळत नाही. शास्त्रज्ञांनाही ती गर्दी आवरली नव्हती म्हणा! ब्रुनेट्टी नावाच्या संगीतकार साहेबाने १९१२ साली भारतातल्या माश्यांवर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच डासांचे आणि चिलटांचे अशी दोन कुळे वगळल्याचे नमूद आहे. बाबांचा चोर तेव्हा त्या दुसऱ्या कुळातच धरला जाई.

बाबांना यातले काही नको होते. "मग करू काय, तेवढं सांगा."

नानांनी सांगितले: उद्याच जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा, आजारी मेंढरांचे रक्त तपासून घ्या, लस पावसाळ्याआधी टोचायची असते. हा किडा शेणालेंड्यांनी भिजलेल्या चिखलात वाढतो, तेव्हा रात्रीची मेंढरे इथे नकोत.

"म्हंजे मी धूर भलत्यालाच करीत हुतो," बाबा म्हणाले. त्यांनी नानांकडून भिंग मागून घेतले, तो किडा पुन्हा एकदा पाहिला, आणि नातवाला हाक मारली. अंधार पडायच्या आत मेंढरे माळाकडे निघाली. लंगडे कोकरू नातवाच्या खांद्यावर होते.