गुलालाची रेघ

सीट काढली तेव्हा खाली पेंढ्याच्या काड्या निघाल्या, गुलाल निघाला आणि चमकीचा भुगा. गाडी पेणची आहे हे कळायला आरसी बुक उघडावं लागलं नाही. जोहे-हमरापूरच्या कारखान्यांतून गणपती वाहिले असणार हिने. मोठ्या मूर्ती मागे पेंढ्यात, आणि एखादी छोटी पुढे, कुणाच्या तरी मांडीवर.

गाडी टाटामोबाइल. 1988 मध्ये हे पिकअप पुण्यात बनायला लागलं. याच सांगाड्यावर 1991 मध्ये सिएरा आली. सिएराचं कौतुक अजून होतं. तिच्या या कष्टाळू थोरल्या बहिणीकडे कुणी वळूनही बघत नाही. आमच्या रामवाडीत तर नाहीच. एसटीचं विभागीय कार्यालय असलेलं हे गाव, इथे जुन्या गाडीचं काय अप्रूप! सकाळी सुटेल ना, एवढंच विचारतात.

मलाही ती रोजचीच हवी होती. 2021 च्या नियमांत पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून मानाचा वेगळा नंबर मिळतो, पण मग ती रोज रस्त्यावर काढता येत नाही. आमची अजून चाळिशीच्या आत आहे, हे बरंच.

मॅट उचलली, तर खाली कुणीतरी हौसेने जाड नमदा चिकटवलेला. आवाज कमी यावा म्हणून. त्या नमद्याने किती पावसाळे पिऊन ठेवले होते कोण जाणे. टाचेखालचा पत्रा अंगठ्याने दाबला आणि पापडासारखा मोडला; भोकातून गॅरेजची जमीन दिसली. काचेच्या बीडिंगमधून पावसाचं पाणी आणि चपलांबरोबर खारेपाटातला चिखल, दोन्ही तिथेच मुरत होते. डेंटरने कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, जोडांवर सीलंट, त्यावर रेड ऑक्साइड, मग रंग.

सीटवरून मात्र वाद झाला. “दादा, काथ्या आता कोण घालतं? फोम टाका,” कुशनवाला म्हणाला. फोमवर कंबर सुखावते हे खरं, पण आषाढात तो एकदा भिजला की सुकायचं नाव घेत नाही. काथ्यात हवा खेळते. शेवटी खाली रबर लावलेला काथ्या, वर बोटभर घट्ट फोम. बसण्याच्या जागी मधोमध येणारी शिवण त्याने आपणहून कडेला नेली. “पाणी टाक्यातूनच शिरतं,” एवढंच बोलला आणि मशीन सुरू केलं. रेक्झिन तपकिरी घेतलं. वैशाखात पाठ चिकटते, म्हणून वर सुती अभ्रा, काढून धुता येईल असा.

वायरिंग नवं केलं. डॅशबोर्ड उन्हाने तडकलाय, तो तसाच ठेवला. त्या तड्यात गुलालाची बारीक रेघ बसली आहे, ती घासायला मी कुणाला दिली नाही.

तुमच्याकडेही अशी गाडी असेल तर एवढं ऐका: कोकणात केबिनमध्ये गालिचा घालू नका, सुटी रबर मॅट पुरे. आणि दारांच्या तळाशी पाणी जायला जी भोकं असतात, ती मृग लागायच्या आत तारेने मोकळी करा.