खेळाला जागा हवी

टोकियोतल्या आकिहाबाराहून सुटलेली त्सुकुबा एक्स्प्रेस आधी जमिनीखालून धावते, मग उजेडात येते. एदो नदी मागे पडते, तोने नदी मागे पडते, इमारती विरळ होत जातात आणि भाताची खाचरं सुरू होतात. 58.3 किलोमीटरचं हे अंतर सर्वांत जलद गाडी 45 मिनिटांत कापते. वाटेत मोरिया स्टेशन गेलं की गाडी डीसी वीज सोडून एसीवर येते. जवळच काकिओकाला पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा आहे आणि डीसी विजेमुळे तिथल्या मोजमापात बाधा येते. एका वेधशाळेचं मोजमाप चुकू नये म्हणून अख्खी रेल्वे आपली वीज बदलते! त्सुकुबात काही वर्षं काढली की अचूकपणाची ही ओढ नकळत आपल्याही अंगात भिनते.

अशाच एका परतीच्या प्रवासात माझ्या मांडीवर एक कागदी पिशवी होती. पिशवीत सान्वा देन्शी कंपनीच्या दोन दांड्या (जॉयस्टिक), तीस मिलिमीटरची लाल, पिवळी, निळी बटणं आणि रंगीत वायरींची भेंडोळी. आकिहाबारातल्या अरुंद दुकानांमधून फिरताना मला पुण्याची तापकीर गल्ली आठवत राहते. तिथंही असेच सुट्या भागांचे ढीग, आणि काय हवंय ते गिऱ्हाइकाच्या आधी ओळखणारे दुकानदार. मला घरी व्हिडिओ गेमचं एक आर्केड मशीन बांधायचं होतं. उभं, लाकडी, माणसाच्या उंचीचं, आणि आत एक साधा जुना कॉम्प्युटर.

त्सुकुबात राहून हे करणं मला अगदी स्वाभाविक वाटलं. 1963 साली सरकारनं इथं विज्ञाननगरी वसवायचं ठरवलं आणि कागदावर आखलेलं हे गाव हळूहळू जमिनीवर उतरलं. 1985 साली मार्च ते सप्टेंबर इथं जागतिक प्रदर्शन भरलं, दोन कोटींहून अधिक माणसं येऊन गेली. त्या प्रदर्शनाचा विषय होता माणूस, त्याचं राहणं, त्याचा परिसर आणि विज्ञान. घराचा आणि विज्ञानाचा इतका थेट संबंध जोडणारं हे गाव मला म्हणूनच आपलं वाटतं. प्रयोगशाळेत दिवसभर जे करतो त्यातलं थोडंसं संध्याकाळी घरी, आपल्या माणसांसाठी, आपल्या हातांनी करावं, याला इथं कुणी वेडेपणा म्हणत नाही.

सुरुवात लाकडापासून झाली. आपल्याकडे प्लायवुड म्हटलं की आठ बाय चार फूट. इथं ते 910 बाय 1820 मिलिमीटरचं मिळतं, जुन्या जपानी मापात तीन शाकू बाय सहा शाकू. शेजारच्या त्सुचिउरा शहरात मुख्यालय असलेल्या जॉयफुल होंडाच्या प्रचंड दुकानात माप सांगितलं की सरळ काप तिथंच करून देतात. पण मशीनच्या बाजूच्या फळ्यांना सरळ काप पुरत नाही. स्क्रीनपाशी तिरका उतार, बटणांच्या पॅनलपाशी पुढे आलेला ओठ, पायाशी पुन्हा आत घेतलेली कड. ही वळणं हातानंच कापायची होती.

शेजारचे आजोबा एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. जिन्याखाली फळ्या टेकवून ठेवलेल्या पाहून त्यांनी विचारलं, “काय बनवताय?” मी सांगितलं. ते घरात गेले आणि आपली करवत घेऊन आले. जपानी करवत ओढताना कापते. आपल्या सुताराची करवत ढकलताना कापते, म्हणून तिचं पातं जाड असावं लागतं, नाहीतर ते वाकेल. ओढताना पातं आपोआप ताणलं जातं, त्यामुळे ते कागदासारखं पातळ करता येतं आणि काप केसाएवढा बारीक येतो. “जोर नको, लांब ओढा,” आजोबा म्हणाले. त्यांनी एक हात पात्याच्या मुळाशी, दुसरा मुठीच्या टोकाशी ठेवून दाखवलं. भुसा रेषेच्या दोन्ही बाजूंना पिठासारखा पडत होता आणि पेन्सिलीची रेषा शेवटपर्यंत जागच्या जागी होती.

काम करता करता ते बोलू लागले. 1979 च्या सुमाराला टोकियोतल्या कॉफीच्या दुकानांत टेबलांच्या जागी खेळाची मशीनं आली होती. काचेच्या टेबलावर कॉफीचा कप ठेवायचा आणि काचेखालच्या पडद्यावर खेळायचं. खेळ अर्थातच स्पेस इनव्हेडर्स. तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी तो 1978 साली जवळपास एकहाती तयार केला. त्यासाठी लागणारं यंत्रही त्यांनीच जुळवलं होतं. पडदा काळा-पांढरा असे आणि रंग यावा म्हणून त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवत.

त्या खेळातली एक गोष्ट मला कितीही वेळा सांगितली तरी नवी वाटते. पडद्यावर अकराच्या पाच ओळी, म्हणजे 55 शत्रू. आतला इंटेल 8080 प्रोसेसर इतका सावकाश की पडद्याच्या एका चित्रात एकच शत्रू सरकवता यायचा. सेकंदाला साठ चित्रं धरली तर अख्ख्या फौजेनं एक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद लागायचा. शत्रू मरत गेले की पाळी लवकर यायची. पंचवीस उरले की पावलं दुप्पट वेगानं पडायची. शेवटचा एक उरला की तो प्रत्येक चित्रात धावायचा, आणि आधी धिमे वाजणारे चार सूर छातीत धडधडू लागायचे. खेळणाऱ्याचा श्वास वरखाली करणारी ती गती यंत्राच्या मर्यादेतून आली होती. निशिकादोंनी ती पाहिली, ओळखली आणि राहू दिली. निर्मितीत असा क्षण ओळखता येणं ही मोठी गोष्ट आहे.

माझ्या मशीनमधला कॉम्प्युटर एका कचेरीतून बाद झालेला. तरीही त्याचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे तीनशे कोटी ठोके देतो. 8080 देत असे वीस लाख. इतक्या वेगवान यंत्रावर जुना खेळ चालवायचा तर त्याला जुन्या यंत्राची चाल शिकवावी लागते. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी 1997 मध्ये मेम नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला, त्याच्या मुळाशी हेच काम आहे. जुन्या बोर्डवरची प्रत्येक चिप काय करत होती, किती वेळात करत होती, हे त्यात टिपून ठेवलेलं असतं. जगभरच्या माणसांनी आपला फावला वेळ देऊन त्यात भर घातली. बोर्ड गंजतात, चिपा मरतात, पण त्यांचं वागणं नोंदवून ठेवलं तर ते पुढच्या पिढीला वाचता येतं. खेळांच्या प्रती मात्र मी रीतसर विकत घेतलेल्याच ठेवल्या: नामकोचा पॅक-मॅन असलेला संग्रह, कॅपकॉमचा 1942 आणि स्ट्रीट फायटर टू असलेला संग्रह. ज्यांनी घडवलं त्यांचा वाटा त्यांना मिळायलाच हवा.

इनव्हेडर्सचं सगळं गणित मी लेकीला सांगितलं आणि तिनं स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत स्वतःचा खेळ लिहायला घेतला. जपानच्या प्राथमिक शाळांत 2020 पासून प्रोग्रामिंग सक्तीचं आहे, त्यामुळे तिला ते नवं नव्हतं. तिच्या खेळात शत्रूंच्या जागी कावळे होते. एका संध्याकाळी ती म्हणाली, “आई, माझे कावळे कमी झाले तरी वेग वाढतच नाही.” वाढणार कसा? तिच्या कॉम्प्युटरला सगळे कावळे एकदम हलवणं सहज जमतं. मग तिनं तो वेग स्वतः लिहिला. उरलेल्या कावळ्यांची संख्या मोजायची आणि थांबण्याचा वेळ तेवढा कमी करत जायचा. 1978 साली यंत्रानं आपणहून दिलेली गोष्ट आज एका शाळकरी मुलीनं विचार करून, ठरवून मिळवली. ती पाहताना मला दोन्ही काळ सारखेच मोलाचे वाटले.

मग जोडणी. सान्वाची पत्र्याच्या पॅनलसाठीची बटणं दाबली की खटकन बसतात. जाड लाकडाला ती धरत नाहीत, तिथं आट्यांची, मागून चकती फिरवून घट्ट करायची बटणं लागतात. दांडीसाठी लाकूड खालून खरवडून पातळ करावं लागतं, म्हणजे ती हाताला पुरेशी वर येते. दांडीच्या तळाशी चार बाजूंना चार मायक्रोस्विच असतात. दांडी उजवीकडे झुकली की उजव्या दिशेचं स्विच दाबलं जातं, तिरकी गेली की दोन एकदम. प्रत्येक दाबाला अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा कट् आवाज येतो. खालची चौकोनी चौकट 45 अंशांत फिरवली की दांडी चारच दिशा मानते, आणि पॅक-मॅनच्या गल्ल्यांमध्ये तेच हवं असतं. सगळ्या बटणांची एक-एक वायर ग्राउंडला, तीही एकावरून दुसऱ्यावर साखळीनं नेलेली. दुसरी वायर आपापल्या जागी, यूएसबीच्या छोट्या बोर्डावर. शेवटचं टोक बसवून मी प्लग लावला आणि लेकीनं लाल बटण दाबलं. पडद्यावरचं विमान उडालं. कापलेलं लाकूड, ओढलेली वायर आणि तो उडालेला ठिपका यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे त्या क्षणी बोटांना कळलं.

पडदा म्हणून जुना मॉनिटर उभा लावला, कारण पॅक-मॅन आणि 1942 उभ्या पडद्यासाठी बनले होते. मशीनच्या उंचीवर मात्र मी बराच विचार केला. जपानच्या गेम सेंटरमधली मशीनं ठेंगणी असतात, स्टुलावर बसून खेळायची. मी पॅनल उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला घेतलं. त्याचं कारण डोंबिवलीत आहे.

नव्वदच्या दशकात आमच्या डोंबिवलीत स्टेशनजवळ व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. दिवाळीच्या सुटीत आई म्हणायची, “जा गं, दादाला बोलावून आण.” मी दारात उभी राहायची. आत मुलं मशीनला खेटून उभी, एक खेळणारा आणि पाच सल्ला देणारे. बहुतेक वेळा खेळ असायचा कॅपकॉमचा 1993 चा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स. ते लांबलचक नाव कुणी घेत नसे. महाराष्ट्रात, सगळ्या देशातच, तो होता ‘मुस्तफा’. त्यातल्या मुस्तफा नावाच्या गड्यावर सगळ्या पोरांचा जीव. जॅक, मेस आणि मुस्तफा यांच्याबरोबर त्यात हॅना नावाची एक बाईही होती, आणि कुणीही तिला निवडून खेळू शकत होतं. पण ते पार्लर मुलींचं नव्हतं. तसं कुणी लिहून लावलं नव्हतं, तरी आम्हा सगळ्या मैत्रिणींना ते माहीत होतं. दारातून मी एवढंच पाहिलं की तिथं खेळापेक्षाही मोठं काहीतरी चाललंय. अनोळखी मुलं खांद्याला खांदा लावून उभी राहायची. हरलेला बाजूला व्हायचा, पुढच्याला जागा द्यायचा आणि तरीही निघून जायचा नाही.

कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स माझ्या मशीनमध्ये नाही. तो अमेरिकी चित्रकथेवर आधारलेला होता आणि घरी खेळायच्या रूपात बाजारात आलाच नाही. पण त्या पार्लरमधलं उभं राहणं मला माझ्या घरात हवं होतं, आणि या वेळी दार सगळ्यांसाठी उघडं हवं होतं.

गणपतीत इथली चार-पाच मराठी घरं आमच्याकडे जमली. टोकियो मराठी मंडळाचा मोठा उत्सव आहेच, पण आरती आपल्या गावातही व्हावी असं सगळ्यांना वाटतं. मोदक झाले, आरती झाली, आणि मुलं आपापले फोन घेऊन कोपऱ्यांत पांगण्याआधीच मशीनपाशी गोळा झाली. शेजारचे आजोबाही आले. कावळ्यांच्या खेळात लेकीनं त्यांना हरवलं, तेव्हा ते बाजूला झाले आणि तिथंच उभे राहून पुढच्या मुलाला सांगू लागले, “कडेचे आधी मार, म्हणजे फौजेला खाली यायला वेळ लागतो.” त्यांची भाषा न येणाऱ्या मुलालाही ते बरोबर समजलं.

अशा जागा झपाट्यानं कमी होत आहेत. जपानमध्ये 1986 साली 26 हजारांहून अधिक गेम सेंटर होती, 2019 पर्यंत ती चार हजारांच्या आसपास आली. आकिहाबारातली सेगा कंपनीच्या गेम सेंटरची प्रसिद्ध दुसरी इमारत 30 ऑगस्ट 2020 रोजी बंद झाली आणि सेगानं त्याच वर्षअखेरीस गेम सेंटरच्या व्यवसायातला मोठा हिस्सा विकला. आपल्याकडची पार्लरं तर त्याच्याही कितीतरी आधी गेली. खेळ स्वतः कुठंही गेलेले नाहीत, ते प्रत्येकाच्या खिशात आहेत. हरवली आहे ती त्यांच्याभोवती उभं राहण्याची जागा. मेम आणि त्यासारखी कामं करणाऱ्यांनी खेळांचं वागणं जपलं. ती जागा जपणं आपल्यासारख्या साध्या माणसांच्या हातात आहे.

म्हणून सांगते, जमत असेल तर एक मशीन जरूर बांधा. त्यासाठी त्सुकुबात राहायची गरज नाही. एक बाद झालेला कॉम्प्युटर, एक जुना मॉनिटर, आठ बाय चारची एक-दोन प्लाय आणि कोपऱ्यावरचे सुतारकाका एवढं प्रत्येक गावात मिळतं. पॅनल उभ्या माणसाच्या उंचीला घ्या आणि मुलांसाठी खाली एक पाट ठेवा. नाण्याची फट ठेवू नका. मशीन झोपायच्या खोलीत नको, येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवा. आणि पहिल्या दिवशी घरातल्या मुलींच्या हाती दांडी द्या.