पाण्यापासून राखलेली झाडे

ज्या गावी वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, त्या गावचा माळी मृग लागण्यापूर्वीच आपल्या कुंड्या उचलून पडवीच्या आडोशाला नेतो आणि पुढे चार महिने, बाहेर आभाळ फाटलेले असताना, आत त्याच कुंड्यांना झारीने बेताबेताने पाणी घालतो, हे महाबळेश्वरी पाहिल्यापासून माझ्या मनातून गेलेले नाही. मी देशावरचा. आमच्या लेखी बाग म्हणजे मोट, पाट आणि आळे. पाणी मिळवावे कसे, एवढीच आमच्या बागाइतीची विद्या. झाडाला पाण्यापासून राखावे लागते, ही गोष्ट आमच्या अंगवळणी नाही.

मुळांनाही श्वसन करावे लागते. मातीच्या कणाकणांमधील पोकळ्यांत जी हवा कोंडलेली असते तिच्यावर ती जगतात. आणि त्या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्याने तुडुंब राहिल्या म्हणजे प्राणवायूवाचून मुळे काळी पडून कुजू लागतात. वर पाने मलूल होतात, आणि नवखा माणूस झाड तहानले असे समजून आणखी पाणी घालतो. त्यातून साडेचार हजार फुटांवरची थंडी, दिवसच्या दिवस न हटणारे धुके. उन्हाअभावी पाने पाणी बाहेर टाकीत नाहीत, माती सुकत नाही, आणि बुरशीला मात्र मोकळे रान मिळते. म्हणून वाफे वीतभर उंच, माती भुसभुशीत, दोन झाडांत वारा खेळेल इतके अंतर, आणि हाताशी मोरचूद व कळीचा चुना.

अशा जागी लोक हट्टाने गुलाब लावतात, ते मला रुचत नाही. ऐन आषाढात त्याची कळी उमलण्यापूर्वीच सडताना पाहवत नाही. ह्या हवेचे खरे फूल हायड्रेंजियाचे. पावसाने मातीतला चुना धुऊन नेलेला असतो, माती आम्लधर्मी झालेली असते, तीत ॲल्युमिनियम विरघळून मुळांवाटे फुलापर्यंत चढते, आणि चुनखडीच्या जमिनीत गुलाबी फुलणारे तेच झाड इथे निळे फुलते. त्याहूनही मला प्रिय आहे ती चवर, जी उन्हाळाभर कंदरूपाने भूमीखाली निजून राहते आणि पावसाबरोबर पठारावर आपली पांढरी फुले घेऊन वर येते. तिला कुणी आडोसा करीत नाही.

परंतु ह्या पावसाळी भूमीत पहिली भाजी कुणी पिकविली, हे शोधू लागलो तेव्हा सातारा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियराने मला अगदी अनपेक्षित माणसांपुढे नेऊन उभे केले. 1829 साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करारमदार होऊन हे ठिकाण इंग्रजांकडे आले आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने इथे पेठ वसली, हे सर्वश्रुत आहे. त्या पेठेत एक तुरुंगही होता. त्यात ठेवलेले बंदिवान होते चिनी आणि मलायी, मलाक्केच्या सामुद्रधुनीवरील इंग्रजी वसाहतींतून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर इकडे धाडलेले. आणि सरकारने त्यांच्या हाती दिले भाजीचे मळे. बटाटा आणि विलायती भाज्या त्यांनी ह्या तांबड्या मातीत रुजविल्या. वेताच्या टोपल्या विणण्याचे कामही ते करीत. 1864 साली तुरुंग मोडला, तरी त्यांतले काही इथेच राहिले आणि भाजी व टोपल्या यांवरच पोट भरू लागले.

त्या माणसांचा विचार मनात आला की मी बराच वेळ त्यातून बाहेर येऊ शकत नाही. समुद्रकाठच्या उष्ण, दमट मुलुखातून उचलून आणलेले, भाषा अपरिचित, देव अपरिचित, पायाखाली कधी न पाहिलेला जांभा दगड; सरकारी दफ्तरात त्यांची गणना शिरगणतीपुरती. आणि तरी, थंड दमट हवेत बटाट्याच्या पाल्यावर करपा किती त्वरेने चढतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला इथले पीक वाचविणाऱ्या हातांची योग्यता सांगावी लागणार नाही. कोणत्या उतारावर पाणी थांबते, कोणत्या ओघळाला वाट काढून द्यावी, कोणत्या महिन्यात जमीन मोकळी सोडावी, हे त्यांना कुणा साहेबाने शिकविले असेल असे मला वाटत नाही.

कारण साहेबांचा स्वतःचा प्रयोग ह्याच डोंगरावर फसला. तुरुंग मोडल्यानंतर लवकरच, 1865 च्या सुमारास, लिंगमळ्याला सरकारने सिंकोना लावला. हिवतापावरील क्विनाईन ज्या सालीतून निघते ते हे झाड नीलगिरीवर उत्तम आले होते. इकडेही डोंगर होता, थंडी होती, तज्ज्ञ होते, खजिना होता. पण चार महिन्यांचा अखंड पाऊस आणि त्यामागून आठ महिन्यांचा कोरडेपणा त्या झाडाला मानवला नाही, आणि दहा-एक वर्षांत तो उद्योग सोडून द्यावा लागला. आज लिंगमळ्याला लोक धबधबा पाहायला जातात.

महाबळेश्वराहून वाई उण्यापुऱ्या वीस मैलांवर, पण तिथला पाऊस इथल्या पाचव्या हिश्श्यालाही पोचत नाही. अशा दोन भूमींना एकच बागशास्त्र लावता येत नाही, हे ज्यांनी वाफ्यात वाकून ओळखले त्यांचा मान पुस्तकवाल्यांहून मोठा आहे, असे मी मानतो.

महाबळेश्वरच्या कड्याकड्यांना गव्हर्नरांची आणि सेनापतींची नावे आहेत. सेनापती लॉडविकचा तर स्तंभही उभा आहे. बंदिवानांच्या वाट्याला एका धबधब्याचे नाव तेवढे आले, चायनामन फॉल, आणि तेही कुणा एकाचे नव्हे. माझी ग्रामस्थांना आणि नगरपालिकेला मनःपूर्वक विनंती आहे की, त्या धबधब्यापाशी एक साधा शिलालेख बसवावा, मराठीत आणि चिनी लिपीत, आणि ह्या मातीत बटाटा रुजविणारे माळी कोण होते ते त्यावर स्पष्ट लिहावे.