राहिलेली भेट : कडा ते कुंथलगिरी

लाभपंचमीला पुण्याच्या मार्केट यार्डातील पेढीवर यंदा मुहूर्ताचा सौदा थोरल्या मुलाने लिहिला. वडील गादीच्या टोकाला बसून नुसते पाहत होते. ४२ वर्षांच्या व्यापारातून निवृत्त होण्याचा निर्णय त्यांनी पर्युषणातच घेतला होता. त्याच वेळी आणखी एक निश्चय केला होता. तो मात्र केवळ पत्नीस ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर नवकार म्हणून दोघे मोटारीने बीड जिल्ह्याकडे निघाले.

अमेरिकेत अनेक निवृत्त दांपत्ये स्वयंपाकघर आणि बिछाना असलेली मोठी मोटार घेऊन महिनोन्महिने फिरतात आणि वाटेत जुन्या स्नेह्यांकडे मुक्काम करतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. या दांपत्याची मोटार साधीच होती. पण उकळलेल्या पाण्याची भांडी, खाखऱ्यांचे डबे, दोन आसने आणि मुहपत्तीची पिशवी असे निम्मे घर तिच्यात सामावले होते. चौविहाराचा नियम असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी कोणाच्या घरी पोहोचायचे हे आधी ठरे. पाहण्याची स्थळे त्यानंतर.

पहिला थांबा अहिल्यानगरला, आनंदधाम येथे झाला. आचार्य आनंदऋषीजी महाराजांचे १९९२ मध्ये याच नगरीत महाप्रयाण झाले. दर्शन घेऊन दोघे दुपारी आष्टी तालुक्यातील कड्याला पोहोचले. हे शेठजींचे मूळ गाव. ३२ आगमांचे हिंदी भाषांतर करणाऱ्या अमोलकऋषीजी महाराजांच्या नावाने येथे अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळ उभे आहे. याच गावी शाळेच्या एका बाकावर बसून शेठजी आणि त्यांचा एक मित्र पाढे शिकले. पुढे एकाने पुणे गाठले, दुसऱ्याने बीडला आडत घातली.

कड्यातील मुक्काम एका वयोवृद्ध स्नेह्याकडे होता. त्यांचे तिन्ही मुलगे पुण्यात असतात. गल्लीतील निम्म्या घरांना कुलूप दिसले. "पूर्वी चातुर्मासाची विनंती करायला दोन गाड्या भरून माणसे जात. आता एका गाडीत जागा उरते," असे यजमान म्हणाले, आणि लगेच रेल्वेचा विषय काढून स्वतःच प्रसन्न झाले. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग दोन पिढ्यांनी केवळ कागदावर पाहिला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती बीडला पोहोचली. संध्याकाळी यजमानांनी पाहुण्यांना मुद्दाम कड्याचे स्थानक दाखवायला नेले. गाडीची वेळ नव्हती. तरीही तिघे बराच वेळ रुळांकडे पाहत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशीचा रस्ता आष्टी, जामखेड आणि पाटोद्यावरून बीडकडे जाणारा होता. वाटेत सौताडा येथे विंचरणा नदी दरीत उडी घेते. खाली रामेश्वराचे देऊळ आहे. सप्टेंबरच्या अतिवृष्टीमुळे प्रपात अजून भरभरून कोसळत होता. ज्या पावसाने हे सौंदर्य दिले, त्यानेच रस्त्याकडेच्या शेतांत सोयाबीन काळे पाडले होते. बालाघाटाच्या उतारावर मात्र सीताफळांच्या पाट्या घेऊन बाया बसल्या होत्या. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शेठजींच्या पत्नींनी घासाघीस न करता दोन पाट्या घेतल्या.

पाटोद्याच्या पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागली. प्रत्येक ट्रॉलीत भांडी, गोधड्या, चुलीचे सरपण, कोंबड्या आणि त्यांच्यामध्ये बसलेली मुले. ऊसतोड मजूर कारखान्यांकडे निघाले होते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाची उचल आधीच खर्चून गेलेली असते आणि ती फेडण्यासाठी ही माणसे उन्हाळ्यापर्यंत उसाच्या फडात राहतात. शेठजींनी मोटार कडेला घेऊन रांगेला वाट दिली. चाकांवरचे हे घर हौसेचे नव्हते. सीताफळांची एक पाटी शेवटच्या ट्रॉलीतील मुलांकडे गेली.

बीड जवळ येऊ लागले तसे शेठजी अबोल झाले. १९९४ साली करडईच्या एका ट्रकावरून त्यांचे आणि मित्राचे बिनसले होते. पुण्यात उतरवताना माल भिजलेला निघाला. नुकसान कोणी सोसायचे यावर दूरध्वनीवर शब्द वाढले. शेठजींनी ११,००० रुपये कापून हिशेब पाठवला. त्यानंतर व्यवहार थांबला आणि जाणे-येणेही. दरवर्षी संवत्सरीनंतर क्षमापनेचे कार्ड तेवढे जात असे. चार वर्षांपूर्वी मित्राची पत्नी वारली. तेव्हाही पेढीतून शोकसंदेशच गेला. प्रतिक्रमणात चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागणारा हा गृहस्थ बीडच्या एका दारात ३१ वर्षे उभा राहिला नव्हता.

आडतीच्या अंगणात भिजलेल्या सोयाबीनचे ढीग वाळत घातले होते. एक शेतकरी मूठभर दाणे उचलून पुन्हा खाली सोडत होता. मित्र खुर्चीत बसून मुलाला सांगत होते, "भाव कमी लागेल हे त्यांना आधी सांग. मापानंतर सांगू नकोस." ते वाक्य कोणाला उद्देशून नव्हते, पण शेठजी पायरीवरच थांबले. मित्राने चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाले, "आत ये. ऊन आहे."

घरी भाभींच्या तसबिरीसमोर दोघे बसले. शेठजींनी हात जोडून खमतखामणा केला. मित्र काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कार्ड दरवर्षी येत होते. त्यावर सही तुझ्या मुनिमाची असे." शेठजींनी पाकीट पुढे केले, तेव्हा त्यांनी ते मागे सारले. "माल भिजला होता हे खरे. तुझ्याकडे भिजला की माझ्याकडे, हे आज कोण सांगणार? मीही आलो नाही. मलाही खमाव."

आत सून शेठजींच्या पत्नींना सांगत होती, "सासूबाई शेवटच्या आजारात तुमची आठवण काढायच्या. पुण्याला फोन लावू का म्हटले, तर नको म्हणायच्या." त्या बाई खाली मान घालून सीताफळे ताटात काढत राहिल्या. ज्यांची क्षमा मागायची होती, त्यांच्यापैकी एक आता भेटणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिघे मिळून कुंथलगिरीला निघाले. सोलापूर रस्त्यावर बीडबाहेर खजाना विहीर आहे, निजामशाहीच्या काळातील, सुमारे १५७२ सालची. तिचे भुयारी पाट पाहून मांजरसुंबा आणि चौसाळा मागे टाकत त्यांनी जिल्ह्याची सीमा ओलांडली. कुंथलगिरी धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात आहे. देशभूषण आणि कुलभूषण हे दोघे बंधू मुनी येथून मोक्षाला गेले, अशी श्रद्धा आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये ३६ दिवसांच्या सल्लेखनेनंतर, १८ सप्टेंबर रोजी, याच टेकडीवर देह ठेवला. हे दिगंबर सिद्धक्षेत्र, पाहुणे स्थानकवासी. पण पायऱ्या चढताना तो भेद कोणाच्या मनात आला नाही.

मित्राचे गुडघे दुखत होते. दर दहा-बारा पायऱ्यांवर ते थांबत आणि शेठजीही थांबत. वर पोहोचल्यावर मित्राने ते पाकीट स्वतःच मागून घेतले आणि त्यातील रक्कम भाभींच्या नावे क्षेत्राच्या दानपेटीत टाकली. पावती कोणीच मागितली नाही.

उतरताना पुढच्या भेटीचे ठरले. महावीर जयंतीला मित्र बीडहून रेल्वेने कड्याला येणार. शेठजी पुण्याहून मोटारीने. त्या गल्लीतील वृद्ध स्नेह्यांना तसे तिथूनच कळवले. त्यांनी विचारले, "किती दिवस राहणार?" दोघांनीही एकदमच उत्तर दिले, की आता दुकान मुलांकडे आहे.