अपेंडिक्स

प्रपोजल फॉर्मवरचा प्रश्न साधा होता : यापूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे का? खाली दोन चौकोन. हो. नाही.

मी पुण्यातल्या खोलीतून साकोलीला फोन लावला. आई म्हणाली, "अपेंडिक्स लिहून टाक."

माझ्या पोटावरच्या टाक्यांना आमच्या घरात चौदा वर्षं हेच नाव आहे. मी बारा वर्षांची होते, धान कापणीचे दिवस. रात्री पोटात कळा आल्या, ओकाऱ्या थांबेनात. बाबांनी भाड्याची गाडी करून भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर गाठ दिसली. डर्मॉइड सिस्ट. ही अंडाशयातल्याच बीजपेशींपासून बनते. आत केस, चरबी, कधी दातसुद्धा सापडतो. बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते. माझ्या गाठीमुळे अंडाशयाला पीळ पडला होता. गाठ काढली, अंडाशय वाचलं.

परतताना आई गाडीत म्हणाली, "कोणाले सांगू नको. पुढं लग्नात नडते."

आता एजंट काकाही तेच म्हणाले, "'नाही'वर टिक कर बेटा. इतकं जुनं कोण पाहते?"

मी नियम वाचले. आयआरडीएआयच्या 2024 च्या नियमांनुसार, पॉलिसीआधीच्या 36 महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला आजारच 'आधीपासूनचा' धरतात. म्हणजे माझी गाठ त्यात बसतच नव्हती. पण फॉर्ममध्ये विचारलेलं लपवणं ही वेगळी गोष्ट. पॉलिसी सलग 60 महिने चालेपर्यंत, माहिती दडवली म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकते. त्यानंतर फसवणूक सिद्ध करावी लागते. आणि टाके पाहून कोणताही डॉक्टर विचारणारच, केस पेपरवर लिहिणारच.

मी 'हो' लिहिलं. पहिल्या कंपनीने एका ओळीत नकार कळवला. त्या रात्री काकांचं ऐकायला हवं होतं असं वाटलं. दुसऱ्या कंपनीने गाठीचा तपासणी रिपोर्ट मागितला.

"चौदा वर्षांपूर्वीचा कागद कुठून आणू?" मी आईला म्हटलं. अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर फोटो आला. पेटीत, लग्नाच्या शालूखाली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला. ज्याबद्दल ती बोलू देत नव्हती, तो कागद तिने जपला होता.

मग तिचा फोन. "त्यात खाली इंग्रजीत काय लिवलं आहे? कॅन्सर तर नाही ना?"

"बिनाइन लिहिलंय, आई. म्हणजे साधी गाठ."

"डॉक्टर तसंच बोलले होते," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "पण मले वाटे, पोरीसमोर खरं नसतील सांगत."

पॉलिसी आली. हप्ता वाढला नाही. सिस्टसाठी 24 महिन्यांचा वेटिंग पिरियड आहे, पण तो त्या पॉलिसीत सगळ्याच बायकांना आहे.

परवा मावशीने माझ्या टाक्यांबद्दल विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गाठ होती. साधी."