मोतीचे गुडघे

माणसाला दुखले की तो बोलतो. निदान कण्हतो तरी. कुत्रा मात्र आपल्या सांध्यांचे दुखणे सहसा आवाजाने सांगत नाही. तो उठायला वेळ लावतो, पायरीपाशी थबकतो, ठणकणारी जागा पुनःपुन्हा चाटत राहतो आणि ज्या मुलांना आजवर अंगाखांद्यावर खेळू दिले, त्यांचा कमरेला हात लागताच गुरगुरतो. घरची माणसे म्हणतात, ‘म्हातारा झाला, स्वभाव बदलला.’ पुष्कळदा स्वभाव तोच असतो. सांधे तेवढे झिजलेले असतात.

आमच्या धर्मगुरुनिवासातील मोती अकरा वर्षांचा आहे. त्याच्यात लॅब्रॅडॉरचे रक्त थोडे आणि लॅब्रॅडॉरची भूक पुरेपूर. गेल्या पावसाळ्यात सकाळी उठताना त्याचे मागचे पाय ताठरू लागले. दहा-वीस पावले चालल्यावर जरा मोकळे होत. संध्याकाळी आजाऱ्यांच्या भेटीला मी निघालो की तो फाटकापर्यंत येई आणि तेथेच बसकण मारी. एका रविवारी मिस्सानंतर काठी टेकीत आलेल्या एका वृद्ध बाईंनी त्याला पाहिले. त्या म्हणाल्या, “फादर, ह्याचे गुडघे माझ्याच वाटेने निघालेत.” लगेच पिशवीतून आपल्या गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली नाही, याचे त्यांना थोडे वाईट वाटले. पण प्रेमाने दिलेली ती गोळी मोतीच्या जिवावर बेतू शकली असती. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या माणसांच्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल त्याच्या यकृताला आणि रक्ताला बाधते. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी वापरण्यास आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे. ते औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे नामशेष होऊ लागली होती. एका मुक्या जिवाचे औषध दुसऱ्या मुक्या जिवाचे विष ठरले!

पशुवैद्यांनी मोतीचे मागचे पाय एकेक करून वाकवून पाहिले, क्ष-किरण चित्र काढले आणि आजार समजावून दिला. हाडांच्या टोकांवरची मऊ कूर्चा झिजते, सांध्यातले वंगण पातळ होते, कडेने हाडाचे नवे कंगोरे फुटतात. झीज भरून येत नाही; वेदना मात्र पुष्कळ कमी करता येते. रक्त तपासून, यकृत व मूत्रपिंडे ठीक असल्याची खात्री करून त्यांनी मेलॉक्सिकॅम हे औषध वजनाच्या हिशेबाने, अन्नाबरोबर द्यायला सांगितले. उलटी झाली, शौचास काळे झाले किंवा त्याने खाणे सोडले, तर औषध तत्काळ थांबवून कळवावे, अशी ताकीदही दिली.

“पण खरे औषध निराळेच आहे,” ते म्हणाले. “ह्याचे वजन उतरवा.” अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिलांच्या जोड्या लावून त्यांना आयुष्यभर अभ्यासले गेले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणाऱ्यांचे मध्यमान आयुष्य सुमारे १३ वर्षांचे भरले, तर दुसऱ्यांचे ११.२ वर्षांचे, शिवाय सांध्यांचा विकारही कमी खाणाऱ्यांना उशिरा जडला.

आता खरी परीक्षा सुरू झाली, ती मोतीपेक्षा धर्मग्रामाची. धर्मशिक्षणाला येणारी मुले त्याला पाव देत, स्वयंपाकघरातून चपातीचे तुकडे येत, लग्नघरातून हाडे येत. हे सारे प्रेमच होते आणि तेच त्याच्या गुडघ्यांवर किलोकिलोने बसले होते. प्रेमाला ‘नाही’ म्हणणे कठीण असते. शेवटी मुलांनाच मी काम वाटून दिले. पाव देण्याऐवजी त्यांनी मोतीला पाळीपाळीने दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटे, मातीच्या वाटेवर सावकाश फिरवावे. पळवू नये, चेंडूमागे उड्या मारायला लावू नये. एकदम लांब फेरीपेक्षा थोडे थोडे, पण रोजचे चालणे सांध्यांना मानवते.

घरातही थोडे बदल केले. गुळगुळीत लादीवर त्याचे पाय फाकत, म्हणून तेथे गोणपाट अंथरले. ओट्याच्या तीन पायऱ्यांवर एक रुंद फळी तिरपी टाकली. ओल्या जागेऐवजी जाड गोधडीवर त्याचे अंथरूण केले, नखे वेळेवर कापली. थंडीत कोमट पाण्याच्या पिशवीने कंबर शेकली की तो डोळे मिटून घेई.

चार महिन्यांत त्याचे वजन ३१ किलोवरून २७ वर आले. तो आता कोपऱ्यावरच्या घरापर्यंत माझ्यासोबत येतो. त्यापुढे येत नाही, आणि मीही आग्रह करीत नाही.

पशुवैद्यांच्या सांगण्यावरून दिनदर्शिकेवर रोज एक खूण करतो. तो आपणहून उठला, जेवला, शेपटी हलवून कोणाचे तरी स्वागत केले, तर दिवस बरा. वाईट दिवसांची संख्या बऱ्या दिवसांहून वाढू लागली, तर पुढे काय करायचे हे त्यांच्याशी बसून ठरवावे लागेल. तो निर्णय माझ्या सोयीने नव्हे, त्याच्या वेदनेकडे पाहून व्हावा, म्हणून ह्या खुणा. ह्या महिन्यात वाईट दिवस चार आहेत. त्या बाई दर रविवारी आधी हा आकडा विचारतात, मग स्वतःच्या गुडघ्यांचे सांगतात.