भिंगाची परीक्षा

वैद्य पंगतीला बसला तरी शेजारचा गृहस्थ त्याच्यापुढे हात करून नाडी दाखवतोच. वकिलाला रेल्वेच्या डब्यातही कोणी ना कोणी आपल्या भाऊबंदकीची हकीकत ऐकवतोच. छायाचित्रणाचा नाद असलेल्या माणसाचे नशीब याहून निराळे नाही. आम्ही रत्नागिरीस एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. परंतु त्या विषयातील शंका घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा "सर, कोणता कॅमेरा घ्यावा?" एवढे विचारण्यासाठी येणाऱ्यांची संख्या दरवर्षी खचित अधिक भरते. पूर्वी या प्रश्नाला आम्ही तासभर उत्तर देत असू. अलीकडे आम्ही उलट विचारतो, "फोटो छापून कोठे घेणार?" हे ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तो मुलगी पाहण्यास आलेल्या तरुणाला "बारशाला कोणाकोणास बोलावणार?" असे विचारल्यावर उमटावा तसा असतो. या उलट प्रश्नाचा खुलासा एकदा कोणापाशी तरी करावा, असे बरेच दिवस मनात होते. तो येथे करीत आहोत.

मुळात कॅमेरा घेणे आणि चित्र छापून घेणे या दोन गोष्टी निराळ्या नव्हत्याच. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने आपला पहिला कोडॅक कॅमेरा विकावयास काढला, तेव्हा त्यात १०० चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. ती संपली की मालकाने सबंध कॅमेराच कारखान्याकडे पाठवून द्यावयाचा. कारखान्याने चित्रे छापून, नवी फिल्म भरून तो परत करावयाचा. कॅमेरा घेणाऱ्याच्या हाती शेवटी कागदावरचे चित्र पडावयाचे, हे त्या व्यवहारात गृहीतच धरलेले होते.

आमच्या लहानपणीही ते गृहीतच होते. वडिलांपाशी बडोद्यास तयार झालेला आग्फा क्लिक-३ होता. त्याच्या एका रोलवर १२ चित्रे निघत. पाठीमागच्या तांबड्या काचेतून आकडा पाहत फिल्म पुढे सरकवावी लागे. १२ चित्रे पुरी होण्यास कधी कधी गणपतीपासून शिमगा उजाडे. मग रोल धुण्यास जाई आणि आठवड्याने येणाऱ्या पाकिटाभोवती घरातील सर्व मंडळी जमत. पुढे नोकरी लागल्यावर आम्ही ३६ चित्रांच्या रोलचा कॅमेरा घेतला. तेव्हाही ३६ चित्रे छापून येत, आणि त्यांपैकी ३० वाईट असत. २००६ साली आमच्या घरात डिजिटल कॅमेरा आला. त्या दिवसापासून चित्रांची संख्या शेकड्यांवरून हजारांवर गेली आणि छापलेल्या चित्रांची संख्या पाहता पाहता शून्यावर आली. या घटनेकडे त्या वेळी आमचे लक्षही गेले नाही. कारण आमचे सारे लक्ष भिंगांकडे होते.

भिंगांचा हा रोग ज्यांना जडला आहे, त्यांना त्याची लक्षणे सांगावयास नकोत. ज्यांना तो अद्याप जडलेला नाही, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगून टाकतो. कॅमेरा चार-सहा वर्षांत जुना ठरतो, भिंग वीस वर्षे चालते; म्हणून पैसे भिंगात घालावेत. ५० मिलिमीटरचे १.८ अ‍ॅपर्चरचे साधे भिंग बहुतेक प्रत्येक कंपनी करते. ते स्वस्त असते, हलके असते आणि घरातील अपुऱ्या उजेडात उपयोगी पडते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र ६००० बिंदू लांब व ४००० बिंदू रुंद असते. इंचाला ३०० बिंदू या उत्तम प्रतीच्या हिशेबानेही ते २० इंच लांब व १३ इंच रुंद छापता येते. याहून मोठे चित्र टांगण्याजोगी मोकळी भिंत मध्यमवर्गीयाच्या घरात कॅलेंडर आणि घड्याळ यांनी शिल्लक ठेवलेली नसते. तेव्हा त्याहून अधिक मेगापिक्सेलचा मोह टाळावा. राहता राहिला कोकणातील पावसाळा. आमचे पहिले चांगले भिंग आम्ही मोठ्या कौतुकाने चामडी पिशवीत घालून कपाटात ठेवले होते. चामडे ओल धरते, हे पदार्थविज्ञानाच्या अध्यापकास दिवाळीत कळले! काचेच्या आत बुरशीची नाजूक जाळी पसरली होती. तेव्हापासून आमची भिंगे घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांच्या सहवासात, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत सुखाने नांदतात. त्या ऋतूत घरातील माणसांना हे सुख लाभत नाही, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आहे.

दुकानांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. मुंबईस गेलो की आमची पावले फोर्टातील बोरा बाजाराकडे आपोआप वळतात. कॅमेरा हातात घेऊन त्याचे वजन पाहावे, बोट बटणावर सहज पडते की नाही ते पाहावे, आणि मग किंमत विचारून परत ठेवावा, यात जे सुख आहे ते घरपोच येणाऱ्या खोक्यात नाही. परंतु या सुखाला खाचाही आहेत. एका दुकानात आम्ही बिलाशिवाय भिंग घेऊन चार हजार रुपये वाचवले. ते वर्षाच्या आत बिघडले. कंपनीच्या दुरुस्तीगृहात नेले, तर येथील हमीपत्र नसलेल्या मालाला हात लावण्यास त्यांनी नम्रपणे नकार दिला. वाचवलेले चार हजार गेले आणि वर पाच हजार गेले. याच्या उलट दुसऱ्या एका वृद्ध दुकानदाराने, आम्ही नवा कॅमेरा घेण्यास पैसे घेऊन गेलो असता, आमचा जुना कॅमेरा उलटसुलट करून पाहिला आणि म्हटले, "प्रोफेसरसाहेब, याला काय झालंय? पुढच्या वर्षी या." त्यानंतर आम्ही जे काही घेतले ते त्यांच्याकडूनच घेतले. एकदा मात्र त्यांच्या दुकानात एक भिंग अर्धा तास हाताळून, रात्री तेच इंटरनेटवरून दोन हजारांनी स्वस्त मागवले. पुढच्या खेपेस त्यांनी आपण होऊन चहा मागवला. तो चहा आमच्या घशाखाली उतरता उतरेना.

असो. नवे भिंग घरी आले की त्याची परीक्षा घ्यावी लागते. जांभ्याच्या भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवून, कॅमेरा तिवईवर ठेवून, अ‍ॅपर्चर १.८ पासून ८ पर्यंत पायरीपायरीने लहान करीत चित्रे घ्यावयाची आणि कोपऱ्यातील अक्षरे कोठे सुस्पष्ट होतात ते पाहावयाचे. वर्तमानपत्राची परीक्षा झाली की माणसाची. माणसाच्या डोळ्यांवर भिंग नीट रोखले जाते का, कातडीचा रंग कसा येतो, हे कागदावरून कळत नाही. सकाळी नऊच्या सुमारास आमच्या पडवीत उत्तरेचा सौम्य उजेड येतो, आणि त्या उजेडात त्या वेळी आमची आई तांदूळ निवडीत बसलेली असे. परीक्षेला याहून सोयीचे माणूस कोणते? ती हलत नसे, फारसे बोलत नसे आणि तयार होण्यास वेळ मागत नसे.

"अरे, लुगडं तरी बदलते," ती पहिल्या पहिल्यांदा म्हणे.

"आई, हा फोटो नव्हे. भिंगाची परीक्षा आहे," आम्ही सांगत असू.

"मग मला दाखवशील का?"

"यात दाखवण्यासारखं काही नाही गं."

आणि खरोखरच आमच्या दृष्टीने त्यात दाखवण्यासारखे काही नसे. संगणकाच्या पडद्यावर ते चित्र आम्ही चौपट मोठे करीत असू. तिच्या पापण्या मोजीत असू, चष्म्याच्या काडीच्या कडेला जांभळी किनार येते की काय ते शोधीत असू. चेहरा पाहिल्याचे आठवत नाही. मग ती सगळी चित्रे 'चाचणी' नावाच्या कप्प्यात टाकून आम्ही कॅमेरा खांद्यास लावीत असू आणि गणपतीपुळ्याचा सूर्यास्त टिपण्यास निघून जात असू.

२०२३ च्या भाद्रपदात आई गेली. दहाव्या दिवसाच्या आत भिंतीवर लावण्यासाठी तिचा फोटो हवा होता. साऱ्या नातेवाइकांनी साहजिकच आमच्याकडे पाहिले. आमच्यापाशी सूर्यास्त होते, खंड्या पक्षी होते, राजापूरच्या गंगेचे कुंड होते. आईचा फोटो नव्हता. अखेर भाच्याच्या मोबाइलमधून, एका लग्नातील घोळक्यातून, तिचा चेहरा कापून काढण्यात आला. त्यात तिचा एक डोळा अर्धवट मिटलेला होता आणि खांद्यावर कोणा परक्या बाईचा हात होता. त्या फोटोला हार घालताना आमच्याकडे कोणीही बोट दाखवले नाही. दाखवले असते तर बरे झाले असते.

'चाचणी' हा कप्पा आम्हांस आठवला तो त्यानंतर महिनाभराने. आम्ही तो उघडला. १७ वर्षांत नऊ भिंगे झाली होती, आणि नवांपुढेही आई बसली होती. पहिल्या भिंगापुढची आई ताठ बसलेली होती, केस निम्मे काळे होते. पाचव्यापुढे तिच्या हाती सूप होते. सातव्यापुढे सुपाची ताटली झाली होती. नवव्यापुढे नुसतेच हात होते, मांडीवर ठेवलेले. त्यांतील तिसऱ्या भिंगाच्या परीक्षेत १.८ ला ती गंभीर आहे, २.८ ला गंभीर आहे, ४ ला कंटाळली आहे, ५.६ ला काहीतरी म्हणते आहे, आणि ८ ला आमच्या त्या साऱ्या खटाटोपाला हसते आहे. हेच चित्र छापावयाचे, असे आम्ही ठरवले.

येथून आमचे खरे शिक्षण सुरू झाले. प्रथम आम्ही ते शहरातील एका मोठ्या लॅबमध्ये दिले. तेथील यंत्राने आपण होऊन आईला गोरी केली आणि तिच्या सुरकुत्या पुसून टाकल्या. मग इंटरनेटवरून एका छापणाऱ्या कंपनीस धाडले आणि ८ बाय १० इंचांचा आकार मागितला. कॅमेऱ्याचे चित्र तिनास दोन या प्रमाणाचे असते, ८ बाय १० चे प्रमाण निराळे. जास्तीचा भाग कापावा लागतो, हे जाणत असूनही तो कोठून कापावा ते कळविण्याचे आमच्याकडून राहिले. त्यांनी नेमके तांदूळ निवडणारे हात कापले. तिसऱ्या वेळी आम्ही चित्र घेऊन पुण्यास, फक्त छपाईचेच काम करणाऱ्या एका तरुणाकडे गेलो. त्याने पहिला प्रश्न केला, "सर, तुमच्या पडद्याचा उजेड किती ठेवता?" पडदा फार उजळ ठेवला की चित्र तेथे छान दिसते आणि कागदावर काळवंडते, हे नवशिके नेहमी करतात आणि आम्ही १७ वर्षे करीत आलो होतो. दुसरा प्रश्न त्याने केला तो असा : "आईंचा रंग कसा होता?"

आम्हांस चटकन उत्तर देता आले नाही.

त्याने त्या चेहऱ्याच्या चार अरुंद पट्ट्या छापल्या, प्रत्येकीत रंगाची छटा किंचित निराळी, आणि त्या खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात आमच्यापुढे धरल्या. तिसरी पट्टी पाहताच आम्ही म्हटले, "ही." चकचकीत कागदावर समोरच्या दिव्याचे प्रतिबिंब पडते, म्हणून त्याने बिनचकाकीचा सुती कागद सुचवला. पिगमेंट शाईची छपाई उन्हापासून जपली तर पुष्कळ वर्षे टिकते, असेही सांगितले. १२ बाय १८ इंचांचे ते चित्र चौकटीसह ज्या किमतीत पडले, त्याहून अधिक पैसे आम्ही एकेका फिल्टरवर विचार न करता घातलेले आहेत. आता ते पडवीत आहे. येणारे जाणारे त्यापुढे थांबतात. ज्या एका माणसाने ते मागितले होते, त्याने मात्र ते पाहिले नाही.

म्हणून "कोणता कॅमेरा घ्यावा?" असे विचारणाऱ्यास आम्ही आधी छापखान्याचा पत्ता विचारतो. शंभर रुपये काढले असतील तर पंचवीस कागदासाठी बाजूस ठेवावेत. भिंग तेवढे कमी प्रतीचे आले तरी चालेल. क्लिक-३ च्या रोलवर निघत तेवढी, म्हणजे १२ चित्रे दर महिन्यास निवडून छापून घ्यावीत, आणि ज्याचे चित्र असेल त्याच्या हाती नेऊन द्यावीत. पहिली काही चित्रे आवडणार नाहीत. त्याने नाउमेद होऊ नये. छापणाऱ्याशी बोलावे, त्याच्या पट्ट्या पाहाव्यात, न पटल्यास दुसरा छापणारा शोधावा.

गेल्या महिन्यात आमच्याकडे दहावे भिंग आले. रोग तसा बरा झालेला नाही. सकाळी नऊ वाजता पडवीत सौभाग्यवती वर्तमानपत्र वाचीत बसल्या होत्या. आम्ही चित्र घेतले आणि त्याच आठवड्यात पुण्याहून छापून आणवले. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले. "अहो, केस फार पांढरे आलेत माझे," असे म्हणाल्या, आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली नीट ठेवून दिले. भिंगाचे कोपरे कसे आहेत, ते आम्ही अद्याप पाहिलेले नाही.